थोरांचें स्मरण आणि सत्तेस जाब

गेलेल्या थोर पुरुषाचें नांव पुढें करून हयात राज्यकर्त्यांस जाब विचारावा किंवा नाहीं, हा प्रश्न वरवर पाहतां सोपा वाटतो. ज्याचें नांव सर्व लोक आदरानें घेतात त्याच्या मापानें आजच्या अधिकाऱ्यांस मोजलें तर त्यांत वावगें तें काय, असें कोणीहि म्हणेल. परंतु थोडें खोलांत शिरलें कीं दोन अडचणी समोर येतात. पहिली अशी कीं, मेलेला मनुष्य बोलत नाहीं. त्याच्या वतीनें जो बोलतो तो आपलेंच म्हणणें त्याच्या तोंडीं घालीत नाहीं हें कशावरून? दुसरी याहून नाजूक आहे. ज्या पुरुषाचें नांव आपण ढालीसारखें वापरतों तो पुरुष पुढें ढालच होऊन बसतो. त्याचें स्वतःचें कांहीं म्हणणें होतें, आणि तें आपल्यासहि गैरसोयीचें असूं शकेल, याचा विसर पडतो. राज्यकर्ते पुतळ्यास हार घालतात, विरोधक त्याच पुतळ्यापुढें निषेधाची सभा भरवितात, आणि दोघेहि समाधानानें घरीं जातात. महाराष्ट्रांत हा प्रकार इतका अंगवळणीं पडला आहे कीं त्यांत विचार करण्याजोगें कांहीं आहे असें कोणास वाटेनासें झालें आहे. तें आहे असें प्रस्तुत लेखकास वाटतें. आणि तसें वाटण्याचें कारण मुंबईच्या उपनगरांतच, घाटकोपर व मुलुंड या आपल्या रोजच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर, घडलेलें आहे. त्याकडे वळण्यापूर्वीं थोडें मागें जाणें अवश्य आहे.

१५ जून १८९७ च्या 'केसरी'त 'शिवाजीचे उद्गार' या मथळ्याखालीं एक पद्य प्रसिद्ध झालें. आदल्या वर्षीं रायगडावर शिवाजी-उत्सव सुरू झालेला होता, आणि या पद्यांत महाराज स्वतः जागे होऊन आपल्या देशाची झालेली दशा पाहतात अशी कल्पना होती. इंग्रज सरकारचें त्यांत नांव काढण्याची गरजच नव्हती. सरकारनें मात्र त्याचा अर्थ बरोबर ओळखला, आणि याच अंकांतील मजकुरावरून लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला. न्या. स्ट्रेची यांनीं ज्यूरीस कायदा समजावून सांगतांना सरकारविषयीं प्रीतीचा अभाव म्हणजेच अप्रीति असा अर्थ लाविला. नऊ ज्यूरर्सपैकीं सहा युरोपियनांनीं टिळकांस दोषी ठरविलें, तिघां हिंदी गृहस्थांनीं निर्दोषी ठरविलें, आणि टिळकांस अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. दोनशें वर्षांहून अधिक काळापूर्वीं निवर्तलेल्या राजाच्या तोंडीं चार ओळी घातल्याबद्दल एका संपादकानें तुरुंगांत जावें, हा प्रकार विचित्र खरा. परंतु मेलेल्यांचें नांव किती जिवंत असूं शकतें याची साक्ष इंग्रज न्यायालयानें आपण होऊन दिली असेंच म्हटलें पाहिजे.

या प्रयोगांत पहिली अडचण होतीच. महाराज असें बोलले असते हें कशावरून? कशावरूनहि नाहीं. परंतु तेथें कोणाची फसवणूक होत नव्हती, कारण कल्पना ही कल्पना आहे हें वाचकास पहिल्या ओळीपासून ठाऊक होतें. आणि दुसरें असें कीं, ज्यानें ते शब्द छापले त्यानें त्यांची किंमत आपल्या अंगानें भरली. मृताच्या नांवानें बोलणाऱ्यानें जामीन म्हणून स्वतःस ठेवलें, म्हणजे त्याच्या बोलण्यास एक प्रकारचा अधिकार येतो. आपल्या पार्ल्याचें उदाहरण याच जातीचें आहे. टिळक १ ऑगस्ट १९२० रोजीं गेले, आणि पुढच्याच वर्षीं विलेपार्ल्यास पार्ले टिळक विद्यालय उभें राहिलें. १९२३ त लोकमान्य सेवा संघ निघाला. राजद्रोहाबद्दल दोन वेळां शिक्षा झालेल्या माणसाचें नांव, ज्या सरकारनें ती शिक्षा दिली त्याच सरकारच्या अमदानींत, आपल्या मुलांच्या शाळेस द्यावयाचें, यांत त्या लहानशा वस्तींतील मध्यमवर्गीय गृहस्थांनीं कांहीं एक धाडस केलें होतें. पाटीवरील नांव हाच तेथें निषेध होता. आज आपण रस्त्यास, पुलास, मेट्रोच्या स्थानकास थोरांचीं नांवें देतों, तेव्हां देणाऱ्याचें कांहींच खर्चीं पडत नाहीं. पडलेंच तर दुसऱ्या एखाद्या नांवाच्या आग्रहाबद्दल वर्तमानपत्रांतून दोन दिवस वाद होतो.

खर्च नाहींसा झाला कीं ही युक्ति कोणाच्याहि हातीं जाते, आणि गेलीच आहे. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजीं, नौदल दिनानिमित्त, पंतप्रधानांच्या हस्तें अनावरण झालेला शिवछत्रपतींचा ३५ फुटी पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजीं कोसळला. पंतप्रधानांनीं ३० ऑगस्टला पालघर येथें माफी मागितली. १ सप्टेंबरला विरोधी पक्षांनीं मुंबईंत हुतात्मा चौकापासून गेट वे ऑफ इंडियापर्यंत मोर्चा नेला. पुतळ्याचें काम कोणास दिलें, तें कोणीं तपासलें आणि इतक्या अल्प काळांत तो पडला कसा, हे शुद्ध कारभाराचे प्रश्न होते, आणि ते विचारण्यास महाराजांची साक्ष काढण्याची मुळींच आवश्यकता नव्हती. तरीहि दोन्ही बाजूंस महाराजांच्या नांवाशिवाय बोलतां आलें नाहीं. अशा वेळीं थोरांचें नांव जाब विचारण्याचें साधन न राहतां जाब चुकविण्याचें साधन बनतें, कारण भक्ति कोणाची अधिक या वादांत हिशेब कोणाचा चुकला हा वाद बुडून जातो.

मृताच्या तोंडीं शब्द न घालतां त्याच्या स्मरणानें जिवंतांस जाब विचारण्याची दुसरी एक रीत आहे, आणि तिचा उत्तम नमुना ८० वर्षांपूर्वींचा आहे. १८ जानेवारी १९४३ रोजीं न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांच्या १०१ व्या जयंतीनिमित्त, रानड्यांनींच १८९६ त स्थापिलेल्या पुण्याच्या डेक्कन सभेनें डॉ. आंबेडकरांचें व्याख्यान गोखले स्मारक सभागृहांत ठेविलें होतें. रानडे जाऊन तेव्हां ४२ वर्षें झालीं होतीं, आणि त्यांचें नांव तरुणांच्या सभांतून फारसें निघत नव्हतें. जयंतीच्या व्याख्यात्यानें अशा प्रसंगीं काय करावयाचें असतें हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. थोडें चरित्र, थोडी स्तुति, अखेर 'आज ते असते तर' या पालुपदाखालीं स्वतःचीं मतें. डॉ. आंबेडकरांनीं यांतील कांहींच केलें नाहीं. मोठा माणूस म्हणजे काय, इतिहास माणसें घडवितात कीं परिस्थिति घडविते, या मूळ प्रश्नापासून त्यांनीं आरंभ केला. बुद्धि आणि प्रामाणिकपणा एवढ्यानेंहि मोठेपण पुरें होत नाहीं, समाजाची घाण स्वतः उपसण्याची तयारी त्यांत असावी लागते, अशी कसोटी त्यांनीं मांडली. आणि ती प्रथम लाविली ती ज्याची जयंती होती त्याच्यावरच. राजकीय हक्कांपेक्षां सामाजिक सुधारणेचा आग्रह धरण्यांत रानड्यांनीं लोकांचा रोष ओढवून घेतला याचें मोल त्यांनीं केलें, आणि रानड्यांच्या पंथाच्या लोकांनीं संघटनेकडे व प्रचाराकडे केलेलें दुर्लक्षहि स्पष्ट बोलून दाखविलें. मग तेंच माप घेऊन ते गांधी आणि जिना या दोन हयात पुढाऱ्यांकडे वळले. वर्तमानपत्रांनीं अर्थातच त्यांच्यावर झोड उठविली. त्याच वर्षीं व्याख्यान पुस्तकरूपानें निघालें तेव्हां प्रस्तावनेंत त्यांनीं टीकाकारांस उत्तर दिलें, आणि व्यक्तिपूजेविषयींची आपली नावड तेथेंहि लपविली नाहीं.

'रानडे असते तर गांधींना असें म्हणाले असते' असा दावा या व्याख्यानाचा आधार नाहीं, हें त्यांतील महत्त्वाचें. रानडे तेथें बोलत नाहींत. ते तराजूच्या एका पारड्यांत आहेत, आणि आंबेडकरांनीं तो तराजू आपल्या हातांत, सर्वांसमक्ष धरलेला आहे. निकाल कोणास पटो वा न पटो, तो देणारा कोण हें उघड आहे. शिवाय ज्याचें स्मरण करावयाचें त्याचीहि परीक्षा होते, त्यामुळें त्याचें स्मरण ढाल होऊन बसत नाहीं.

परंतु या उदाहरणासहि एक अवघड बाजू आहे, आणि ती झांकून ठेवणें बरें नव्हे. त्या दिवशीं सत्ताधारी कोण होता? डॉ. आंबेडकर जुलै १९४२ पासून व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळांत मजूर खात्याचे सभासद होते. गांधी ९ ऑगस्ट १९४२ पासून, व्याख्यान झालें त्याच पुणें शहरीं, आगाखान राजवाड्यांत बंदिवासांत होते. पुढें १० फेब्रुवारी १९४३ रोजीं त्यांनीं तेथेंच २१ दिवसांचा उपवास आरंभिला. बंदींत असलेल्या माणसावर सरकारी खुर्चींतल्या माणसानें टीका करावी, यास सत्तेस जाब विचारणें म्हणावें काय? याचें उत्तर एका शब्दांत देतां येणार नाहीं. सत्ता दोन प्रकारची असते. एक दप्तराची, पोलिसांची, कायद्याची. दुसरी माणसांच्या मनांवरची. जिच्यापुढें लोक आपण होऊन विचार करणें सोडून देतात. दुसरी सत्ता तुरुंगांत टाकल्यानें कमी होत नाहीं, पुष्कळदां वाढतेच. आंबेडकरांचा रोख त्या सत्तेवर होता, आणि तेवढ्यापुरता तो न्याय्य होता असें प्रस्तुत लेखकाचें मत आहे. मात्र पहिल्या प्रकारच्या सत्तेविषयीं ती सभा मूक राहिली असेल तर तें मौनहि इतिहासानें मोजावयाचें आहे. आंबेडकरांचें मोठेपण असें कीं अशी मोजणी त्यांच्याच कसोटीनें करतां येते.

आतां २५ नोव्हेंबर १९४९. घटनासमितींतील आपल्या शेवटच्या मोठ्या भाषणांत त्यांनीं देशास ज्या सूचना दिल्या त्यांतील दोन येथें प्रस्तुत आहेत. राजकारणांतील भक्ति अधोगतीकडे आणि शेवटीं हुकुमशाहीकडे नेते, म्हणून कितीहि थोर पुरुष असला तरी आपलें स्वातंत्र्य त्याच्या पायांवर वाहूं नका, ही एक. दुसरी अशी कीं सत्याग्रह, कायदेभंग, असहकार या रीति आतां टाकून द्याव्या. त्या म्हणजे अराजकाचें व्याकरण होय. ही दुसरी सूचना हल्लीं अधिकाऱ्यांस आणि वर्तमानपत्रांतील अग्रलेखकांस फार आवडते. रस्त्यावर मोर्चा दिसला कीं ती बाहेर काढली जाते. परंतु ती सूचना सशर्त होती. घटनात्मक मार्ग उपलब्ध नव्हते तेव्हां इतर मार्गांचें समर्थन होऊं शकत होतें. ते मार्ग मोकळे असतांना तें होऊं शकत नाहीं, असा तिचा बांधा आहे. म्हणजे तिच्यांत दोन पक्षांचीं कर्तव्यें सांगितलेलीं आहेत. नागरिकानें मोकळ्या मार्गानें जावें हें एक, आणि मार्ग मोकळा ठेवावा हें राज्यकर्त्याचें. पहिलें सांगावयाचें आणि दुसरें गाळावयाचें, हें अवतरण नव्हे, ही कापाकापी आहे.

याची परीक्षा घाटकोपरास झाली. घाटकोपर पूर्वेस, पूर्व द्रुतगति मार्गाच्या कांठीं, बाबासाहेबांच्या पत्नीच्या नांवाची रमाबाई आंबेडकर नगर ही वस्ती आहे. वस्तींतील बहुसंख्य लोक बौद्ध. ११ जुलै १९९७ रोजीं, शुक्रवारीं सकाळीं, वस्तींतील बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या गळ्यांत चपलांचा हार घातलेला आढळला. लोक जमले, संतापले, महामार्ग अडविला गेला. राज्य राखीव पोलीस दलाची तुकडी आली आणि तिनें गोळीबार केला. १० माणसें मेलीं, २६ जखमी झालीं. त्या वेळीं राज्यांत शिवसेना व भारतीय जनता पक्ष यांचें मंत्रिमंडळ होतें आणि मनोहर जोशी मुख्यमंत्री होते. जमाव गॅसचे टँकर पेटविण्याच्या बेतांत होता, मोठा अनर्थ टाळण्यासाठीं गोळ्या चालवाव्या लागल्या, असा बचाव मांडण्यांत आला. चौकशीसाठीं न्या. गुंडेवार यांचा आयोग नेमला गेला. गोळीबार समर्थनीय नव्हता असा निष्कर्ष त्या आयोगानें १९९८ त दिला. तुकडीचा प्रमुख असलेल्या उपनिरीक्षकास २००९ सालीं सत्र न्यायालयानें सदोष मनुष्यवधाबद्दल जन्मठेप सुनावली. पुढें उच्च न्यायालयानें त्यास जामीन दिला. घटना आणि पहिला निकाल यांमध्यें बारा वर्षें गेलीं.

त्या दिवसांत उपनगरांतील सुशिक्षित घरांतून, सात-दहाच्या गाडींतून, कचेरींतल्या चहाच्या वेळीं जें बोललें जाई तें पुष्कळांस आठवत असेल. हार घालणें वाईटच, पण एका पुतळ्यासाठीं रस्ता अडवावा काय? आणि खुद्द बाबासाहेबांनींच तर घटनात्मक मार्गानें जा असें सांगितलें होतें! हें म्हणणारे लोक दुष्ट नव्हते. त्यांपैकीं बहुतेकांच्या घरीं घटनेविषयीं आदर होता, आणि कांहींच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीरहि असेल. म्हणूनच त्यांच्या म्हणण्यास उत्तर दिलें पाहिजे.

पुतळा दगडाचा किंवा धातूचा. त्याला अपमान कळत नाहीं. चपलांचा हार घालणाऱ्यास हें ठाऊक होतें. तो हार पुतळ्यामागच्या घरांना घातलेला होता. पिढ्यान् पिढ्या ज्यांना गांवाच्या वेशीबाहेर ठेवलें, त्यांनीं शहरांत येऊन, महामार्गाच्या कडेस का होईना, एक जागा केली आणि तिच्या मध्यभागीं आपल्या माणसास उभें केलें. तुमची पायरी तुम्हांस विसरतां येणार नाहीं, असा निरोप त्या हारानें त्यांस दिला. रस्त्यावर आलेल्यांचें मागणें बाबासाहेबांस देव माना असें नव्हतें. आमचा अपमान हा या राज्यांत गुन्हा धरला जातो किंवा नाहीं, एवढेंच त्यांना हवें होतें, आणि हें विचारण्यास त्यांच्याकडे त्या सकाळीं रस्त्यावांचून दुसरी जागा नव्हती. रस्ता अडविणें हें कायद्याविरुद्ध होतें हें मान्य करूं. परंतु कायद्यानें त्यास जें उत्तर दिलें त्यांत दहा प्रेतें पडलीं, आणि तें उत्तर समर्थनीय नव्हतें असें सरकारनेंच नेमलेल्या न्यायमूर्तींनीं सांगितलें. मग अराजकाचें व्याकरण त्या दिवशीं कोण गिरवीत होतें?

आणि मार्गाचें काय? चौकशी आयोगापुढें साक्षी झाल्या, त्याच्या अहवालानंतर खटल्यासाठीं पाठपुरावा झाला, तारखांमागून तारखा गेल्या. ज्यांच्यावर बेकायदेशीरपणाचा आरोप ठेवावयाचा त्याच वस्तीच्या लोकांनीं बारा वर्षें न्यायालयाची वाट धरून ठेविली. १९४९ च्या भाषणांतील नागरिकाचा भाग त्यांनीं पाळला. राज्यकर्त्यांचा भाग कोणीं पाळला याचा शोध घेऊं लागलें तर एका पक्षाच्या मंत्रिमंडळाशीं आपण थांबत नाहीं. कारण त्या बारा वर्षांत, १९९९ पासून, राज्य दुसऱ्या आघाडीचें होतें, आणि तीहि आघाडी दर १४ एप्रिलला व ६ डिसेंबरला बाबासाहेबांस वंदन करीत होती.

येथें पहिल्या अडचणीचें एक उत्तर सांपडतें असें मला वाटतें. मेलेल्याची साक्ष काढणें अन्यायाचें, कारण त्याची उलटतपासणी होऊं शकत नाहीं, असा तो आक्षेप होता. पण साक्षीदारास बोलावलें कोणीं? आपल्याकडे राज्य शासनाचा सामान्य प्रशासन विभाग दरवर्षीं कोणत्या थोर पुरुषांची जयंती कचेऱ्यांतून साजरी करावयाची याची यादी परिपत्रकानें काढतो. (त्या यादींत परस्परांचीं मतें खोडण्यांत हयात घालविलेलीं माणसें शेजारीं शेजारीं बसलेलीं असतात, पण तें असो.) दादरच्या इंदू मिलची जागा स्मारकासाठीं द्यावी म्हणून ६ डिसेंबर २०११ रोजीं कार्यकर्ते मिलमध्यें शिरले, तोंवर ती फाइल हलत नव्हती, ११ ऑक्टोबर २०१५ रोजीं पंतप्रधानांनीं तेथें भूमिपूजन केलें, आणि पुतळा चौथऱ्यासह ४५० फूट उंचीचा करावयाचें ठरलें. राज्यकर्ता जेव्हां पुतळ्यास हार घालतो तेव्हां तो स्वतःच्या बाजूनें त्या पुरुषास साक्षीदार म्हणून उभा करतो. माझ्या राज्यास याचें अनुमोदन आहे, असें तो चारचौघांत सांगतो. ज्यानें साक्षीदार बोलावला त्यास, दुसरा पक्ष प्रश्न विचारूं लागल्यावर, 'मेलेल्यास कशाला मधें आणतां?' असें म्हणण्याचा हक्क राहत नाहीं.

शिवछत्रपतींच्या बाबतींत ही तपासणी कल्पनेनें करावी लागते. आंबेडकरांच्या बाबतींत तशी पाळी येत नाहीं, कारण त्यांचा शब्दन्‌शब्द छापलेला आहे, आणि तोहि सरकारी खर्चानें. १९७९ पासून महाराष्ट्र शासनानें त्यांचे इंग्रजी लेख व भाषणें खंडशः प्रसिद्ध केलीं. वसंत मून हे त्यांचे संपादक होते. १९८७ त चौथा खंड निघाला. त्यांत हिंदु धर्मांतील कूटप्रश्नांवरील लेखन होतें, आणि त्यांतील राम व कृष्ण यांविषयींच्या परिशिष्टावरून मोठें वादळ उठलें. परिशिष्ट काढून टाकावें म्हणून एका बाजूनें, ठेवावें म्हणून दुसऱ्या बाजूनें मोर्चे निघाले. १९८८ च्या फेब्रुवारींत मुंबईंत दलित समाजाचा प्रचंड मोर्चा निघाल्यावर तडजोड झाली. परिशिष्ट राहिलें, मात्र त्यांत व्यक्त झालेल्या मतांशीं शासन सहमत नाहीं, अशी टीप त्यास जोडण्यांत आली. ती टीप हास्यास्पद आहे असें पुष्कळांस वाटतें. मला ती त्या सगळ्या प्रकरणांतील एकमेव प्रामाणिक ओळ वाटते. राज्यकर्त्यानें आपल्या आराध्य पुरुषाशीं आपलें कोठें पटत नाहीं हें छापून सांगितलें, असें आपल्याकडे फार थोड्या वेळां घडलें असेल. तशाच टिपा इतर ठिकाणीं, विशेषतः सामाजिक व आर्थिक विषमतेविषयींच्या त्यांच्या भाषणांखालीं, जोडल्या तर जयंतीच्या दिवशीं सर्वांचा वेळ वांचेल.

ही सवलत मात्र जाब विचारणाऱ्यांनाहि नाहीं. ज्यानें आंबेडकरांचें नांव सत्तेविरुद्ध उच्चारलें त्यानें त्यांची पहिली सूचना, भक्तीविषयींची, स्वतःवर लावून घेतली पाहिजे. ती केवळ दिल्लींत बसणाऱ्या एखाद्या पुढाऱ्यासाठीं नव्हती. बाबासाहेबांच्या नांवानें चालणाऱ्या पक्षांतील पुढाऱ्यांसाठीं आणि बाबासाहेबांच्या स्वतःच्या भक्तांसाठींहि होती. पुतळ्याचा अपमान झाला कीं पेटून उठणारा मनुष्य त्यांच्या अर्थशास्त्रावरील एखाद्या मतास विरोध केल्यावरहि तसाच पेटत असेल, तर त्याचा संताप समतेसाठीं आहे कीं भक्तीपोटीं, हें त्यानें तपासून पाहावें. रमाबाई नगरांतील त्या सकाळचा संताप समतेसाठींच होता असें मीं वर म्हटलें आहे, आणि तें म्हणतांना कोणाच्या अंतःकरणांत शिरण्याची गरज पडली नाहीं. मागणें काय होतें एवढें पाहणें पुरेसें होतें. जेथें मागणें स्पष्ट नसतें तेथें मात्र फार जपून बोलावें लागतें.

असेंच एक प्रकरण मुलुंडचें आहे. शाहीर विलास घोगरे मुलुंडच्या झोपडवस्तींत राहत. आव्हान नाट्य मंचाचे ते गायक होते. डाव्या चळवळींत अनेक वर्षें त्यांनीं गाणीं रचलीं आणि गायिलीं. झोपड्या पाडण्याविषयीं आनंद पटवर्धन यांनीं १९८५ त काढलेल्या 'हमारा शहर' या चित्रपटांत त्यांचा आवाज आहे. गोळीबारानंतर चार दिवसांनीं, १५ जुलै १९९७ रोजीं, त्यांनीं आपल्या घरांत गळफास घेतला. त्या वेळीं त्यांनीं कपाळास निळी पट्टी बांधलेली होती. आयुष्यभर लाल निशाणाखालीं गाणाऱ्या माणसानें शेवटीं निळा रंग घेतला, यावरून नाना तऱ्हेचे अर्थ काढण्यांत आले. डाव्यांचा हा पराभव, असें कोणीं म्हटलें. कोणीं त्यास घरीं परतणें म्हटलें. कोणीं सरकारवर ठेवलेला हा शेवटचा आरोप, असें म्हटलें. पटवर्धनांनीं त्या मृत्यूपासून आरंभ करून १४ वर्षें चित्रण केलें, आणि २०११ त जो चित्रपट पुरा झाला त्याचें नांव 'जय भीम कॉम्रेड' ठेविलें. त्या नांवांत दोन्ही शब्द आहेत, आणि एकानें दुसऱ्यास खोडलेलें नाहीं.

राज्यकर्त्यांस त्या मृत्यूबद्दल जाब विचारतां येतो. दहा माणसें मेल्यावर पहिल्या चार दिवसांत त्यांनीं काय केलें, हा रास्त प्रश्न आहे, आणि तो विचारण्यास घोगऱ्यांच्या मनांत काय होतें हें सांगण्याची गरज नाहीं. पट्टीचा अर्थ ज्यानें बांधली त्याच्याबरोबर गेला. मुलुंडहून घाटकोपर आगगाडीनें पांचवें स्थानक. मध्यें नाहूर, भांडुप, कांजूरमार्ग, विक्रोळी. त्या गाडींत आपण बसतों, आणि उपनगरांतील आपलीं वाचनालयें शोधलीं तर शासनाच्या त्या खंडांचा संच कोठेंतरी मिळतो. चौथा खंड काढून पाहावा. टीप अजून जागेवर आहे.